खोकल्याचं औषध, सलाईन आणि प्रोटीनचा डबा: खेळाडूंनो, या चुका टाळा

डोपिंग म्हटलं की स्टेरॉइडचं इंजेक्शन डोळ्यांसमोर येतं. पण मेडिकलच्या काउंटरवरून घेतलेल्या साध्या औषधानेही बंदी येते. नियम कडक आहे: नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. कुणी दिलं, कशासाठी दिलं, याचा विचार शिक्षा किती हे ठरवताना होतो. दोष ठरवताना नाही.

पृथ्वी शॉचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी 2019 मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकादरम्यान इंदूरला दिलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत गेलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळाने मान्य केलं; तरीही आठ महिन्यांची बंदी बसलीच. टर्ब्युटालिन श्वासनलिका मोकळी करतं आणि आपल्याकडच्या कफ सिरपमध्ये ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिनच्या जोडीने सर्रास असतं. त्यावर बारमाही बंदी आहे, स्पर्धा नसतानाही.

खरी फसगत नावात होते. एकाच ब्रँडची तीन-चार सिरप असतात, नावामागे 'डी', 'एलएस' असं काहीतरी चिकटवलेलं, आणि आतली औषधं वेगवेगळी. एकात टर्ब्युटालिन, दुसऱ्यात लेव्होसाल्ब्युटामॉल (तोंडावाटे घेतलं तर तेही बंद), तिसरं बिनधोक. 'गेल्या वेळी हेच घेतलं होतं' म्हणून बाटली उचलू नका. लेबलच्या मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा आणि प्रत्येक घटकाचं नाव नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' ॲपवर तपासा. परदेशी संकेतस्थळांवर भारतीय ब्रँड शोधण्यात अर्थ नाही. तेच नाव तिकडे भलत्याच औषधाचं असू शकतं.

दमा असलेल्यांनी घाबरून पंप बंद करू नये. साल्ब्युटामॉल पंपाने घ्यायला मुभा आहे: 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम, त्यातही कोणत्याही 8 तासांत 600 पेक्षा जास्त नाही. एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम धरले तर आठ तासांत सहा दाब. नेब्युलायझरला मात्र जपा, कारण 2.5 मिलिग्रॅमची एकच मात्रा म्हणजे 2500 मायक्रोग्रॅम. ती लागणारच असेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची परवानगी, हवी. अर्ज स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी, निदानाच्या रिपोर्टांसह करा. तातडीचे उपचार झाले असतील तर परवानगी नंतरही मागता येते. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड तेवढं जपून ठेवा.

सलाईनचं प्रकरण तर आपल्याकडे फारच सहज घेतलं जातं. अशक्तपणा वाटला, लाव बाटली! पण शिरेतून 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव देणं हीच बंदी असलेली पद्धत आहे, मग बाटलीत नुसतं ग्लुकोज का असेना. नेहमीची बाटली 500 मिलिलिटरची. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्या यांना सूट आहे. दमल्यामुळे कोचने लावायला सांगितलेल्या बाटलीला नाही. ओआरएस प्या, त्याला काही आडकाठी नाही.

वजन गटात बसण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणं ही कुस्ती-बॉक्सिंगमधली जुनी खोड. फ्युरोसेमाइड आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड दोन्ही कायम बंद. दुसरं रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत असतं, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यातली गोळी नकोच. आईने दिलेल्या अशाच एका गोळीपायी शेन वॉर्नचा 2003 चा विश्वचषक गेला आणि वर्षभराची बंदी आली.

प्रोटीन किंवा 'प्री-वर्कआउट' जिममधल्या सुट्या डब्यातून कधीच घेऊ नका. लेबलवर नसलेला घटक मिसळलेला असू शकतो आणि 'नैसर्गिक' या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. घ्यायचंच असेल तर बॅचनिहाय तपासणी झालेलं घ्या, बिल ठेवा आणि त्याच बॅचचा एक डबा सील न फोडता बाजूला ठेवा. उद्या भेसळ सिद्ध करायची वेळ आली तर उघड्या डब्याला फारसं वजन राहत नाही.

वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी असलेल्या औषधांची यादी दर 1 जानेवारीला बदलते. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी 2023 पर्यंत चालत होती. 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंद. आणि तो काळ सामन्याच्या शिट्टीने नव्हे, आदल्या रात्री 11.59 ला सुरू होतो.

नमुना देताना 90 मिलिलिटर लघवी लागते. ती लवकर व्हावी म्हणून पाणी ढोसलं तर नमुना पातळ ठरतो आणि पुन्हा बसावं लागतं. फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली सगळी औषधं आणि पूरक आहार लिहा, ए आणि बी बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मशी स्वतः जुळवून पाहा. किटबद्दल किंवा पद्धतीबद्दल हरकत असेल तर ती त्याच फॉर्मवर नोंदवा, पण नमुना द्या. नकार दिला तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, शरीरात काही असो वा नसो.