फिजिओथेरपी सहायकांनो, या चुका टाळा

लकवा झालेल्या रुग्णाला उठवताना त्याचा दुबळा हात धरून ओढणे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकू लागतं. अशा वेळी एक झटका बसला की पुढे कित्येक आठवडे रुग्ण त्या हाताला कुणाला शिवू देत नाही. काखेत हात घालूनही उचलू नका. आधी व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. रुग्णाला खुर्चीच्या कडेला सरकवा, त्याची पावलं मागे घ्या, कमरेचा पट्टा धरा आणि तुमचा गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवा. मग सांगा, "काका, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर येऊ द्या." वजन पुढे आलं की माणूस निम्मा आपला आपणच उठतो.

दुसरी चूक हॉट पॅकची, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीत तापवून शेक द्यायच्या पिशवीची. टाकीतला पॅक ७० अंश सेल्सिअसच्या वर असतो, म्हणून कोरड्या टॉवेलचे ६ ते ८ थर हवेत. रोज धुतलेला टॉवेल विरत जातो, त्याचे थर नव्याइतके जाड भरत नाहीत. नागपूरच्या पावसाळ्यात टॉवेल धड वाळत नाहीत, आणि ओलसर कापड उष्णता भराभर आत सोडतं. पॅक अंगाखाली देऊ नका; वजनाने थर दबतात आणि कातडी भाजते. मधुमेहाच्या रुग्णाला चटका कळेलच असं नाही, म्हणून आधी गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या लावून त्याला फरक कळतो का ते पाहा. कळत नसेल तर शेक न देता थेरपिस्टला सांगा. बाकीच्यांनाही ५ मिनिटांनी पॅक उचलून कातडी बघाच. फिकट गुलाबी रंग ठीक, पांढरे-लाल चट्टे दिसले तर पॅक काढा.

वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या रेषेत हवी, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं. गुडघा बदललेल्या रुग्णाच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका; आराम वाटतो, पण पाय सरळ होणं अडतं. पोटरी सुजून गरम लागत असेल तर मालिश नाही, व्यायामही नाही, लगेच थेरपिस्टला बोलवा. रक्ताची गाठ असू शकते.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना भरदुपारी आलेल्या आजींना थेट उभं करू नका. पंख्याखाली १० मिनिटं बसवा, पाणी द्या, बसून आणि उभं राहून बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला, तर त्यांना परत बसवा.

व्यायाम बदलणं, वजन वाढवणं, निदान सांगणं हे थेरपिस्टचं काम. सहायकाने सांगितलेलं करायचं आणि दिसलं ते नीट लिहायचं. "रुग्ण ठीक" या नोंदीतून काहीच कळत नाही. असं लिहा: डावा गुडघा ७० अंश वाकला, दुखणं १० पैकी ४, वॉकरवर १५ पावलं, एका माणसाचा आधार.

भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेला रुग्ण उद्या परत येईलच असं नाही. घरचा व्यायाम फक्त कागदावर देऊ नका. सोबतच्या माणसाकडून तुमच्यासमोर एकदा करवून घ्या.