अंगावर नवा डाग दिसला तर क्रीम लावायच्या आधी घरी काय काय बघायचं

अंगावर कुठे डाग दिसला की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं कॅल्शियम कमी झालंय, आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून एखादी ट्यूब घरात आलेली असते. हे दोन्ही थांबवा प्लीज. नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही, पांढरट डाग चार-पाच वेगळ्या कारणांनी येतो आणि काळपट तर त्याहून जास्त. खरं कळतं ते डागाची कड कशी आहे, हाताला तो कसा लागतो, तिथे स्पर्श कळतो का आणि तो अंगावर नेमका कुठे आहे यावरून. निदान डॉक्टरच करणार, पण तुमचं काम आठवड्यावर ढकलण्यासारखं आहे की आजच निघायचंय एवढं तरी घरी नक्की समजतं.

१. उजेडात बघा आणि फोटो काढा

ट्यूबलाइटखाली बघू नका, दिवसा खिडकीपाशी बसा. डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, फिल्टर बंद, म्हणजे पुढच्या महिन्यात वाढलाय की तेवढाच आहे यावर वाद नको. मग बाकीचं अंगही बघा, पाठ दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा, आणि तळपाय, नखं, तोंडाच्या आतली बाजू ही बहुतेक जण विसरतात ती विसरू नका.

२. स्पर्श कळतो का ते तपासा

एकच पायरी करायची असेल तर ही करा. कापसाची बारीक वात करा किंवा बॉलपेनचं टोक घ्या. आधी चांगल्या त्वचेवर हलकंच टेकवून दाखवा की असं लागणार आहे, मग डोळे मिटायला सांगा आणि कधी डागावर कधी बाहेर असं टेकवत जा, जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. डागावर टेकवल्याचं कळतच नाही किंवा कमी कळतंय, तिथे घाम येत नाही, केस गळालेत, असं काही असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यायची. असा डाग फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच लोक वर्ष वर्ष काढतात आणि तेवढ्यात नस खराब होते, बोटं वाकडी होतात. चेहऱ्यावर मात्र ही टेस्ट फसू शकते, तिथे नसा इतक्या दाट असतात की आजार असूनही स्पर्श कळतो, त्यामुळे चेहऱ्यावरचा न जाणारा फिकट चट्टा दाखवाच.

घाबरायचं कारण नाही हे मी मनापासून सांगतोय. हा आजार एका जंतूमुळे होतो, तो हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधलाय, पाप-शाप काही नसतं. एमडीटीच्या म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र दिलेल्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण ६ महिने आणि जास्त असतील तर १२ महिने. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत संसर्ग पसरायचा थांबतो, ताटवाटी वेगळी करायची काहीच गरज नाही. देशपातळीवर २००५ च्या शेवटी निर्मूलनाचं लक्ष्य गाठलं असं जाहीर झालं, तेव्हापासून बऱ्याच लोकांना वाटतं आजार संपला, पण त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता, गडचिरोली-चंद्रपूरकडे आजही नवे पेशंट सापडतात. आशाताई घरी तपासायला आल्या तर शर्ट काढून नीट दाखवा.

३. नखाने हलकं खरवडून बघा

छाती, पाठ, मानेवर छोटे छोटे फिकट किंवा तपकिरी ठिपके आणि खरवडलं की कोंड्यासारखी पूड निघते, तर ती बहुतेक शिबं. घाम आणि दमट हवा याची बुरशी, औषधाने जाते. फक्त बुरशी मेल्यावरही रंग परत यायला काही महिने लागतात, तोपर्यंत औषध लागू पडलं नाही म्हणून डॉक्टर बदलत बसू नका.

गोल, कडेला लाल, खाज सुटणारा आणि मध्ये जरा बरा दिसणारा चट्टा असेल तर गजकर्ण. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरात असतात ती वाचा. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून वाटतं भारी औषध आहे, पण आतल्या आत बुरशी पसरत राहते, कड पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं.

४. पांढरा असेल तर किती पांढरा?

खडूसारखा पांढराशुभ्र, कड स्पष्ट, त्वचा एकदम मऊ आणि स्पर्श नीट कळतोय, तर कोड असू शकतं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, ते शिवल्याने पसरत नाही आणि मासे खाऊन दूध प्यायल्याने तर अजिबात होत नाही. लवकर गेलात तर उपचाराचा फायदा जास्त, चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परत येतो, ओठ आणि बोटांच्या टोकांना वेळ लागतो. थायरॉइडही तपासून घ्या, दोन्ही बरेचदा बरोबर असतात. कपाळावर बरोब्बर टिकलीच्या जागीच पांढरं पडलं असेल तर टिकली लगेच बंद करा, काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने रंग जातो, रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही तसंच होतं.

लहान मुलांच्या गालावरचे अर्धवट फिकट, जरा खरखरीत चट्टे हे कोरड्या त्वचेचे असतात, त्यांचा जंतांशी किंवा कॅल्शियमशी संबंध नाही. मॉइश्चरायझर लावा, हळूहळू जातात.

५. काळपट असेल तर जागा बघा

गाल, कपाळ, वरचा ओठ, दोन्ही बाजूंना सारखं, तर वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही मुख्य कारणं, आणि सनस्क्रीनशिवाय कुठलंच क्रीम टिकत नाही. एसपीएफ ३० किंवा वरचं घ्या, रंग असलेलं म्हणजे आयर्न ऑक्साइडवालं मिळालं तर उत्तम कारण वांग नुसत्या प्रकाशानेही वाढतो. लिंबू आणि सोडा चोळू नका, भाजून अजून काळं होतं. गोरं करणारं ट्रिपल क्रीम (तीन औषधं एकत्र, त्यात एक स्टिरॉइड) डॉक्टर काही आठवड्यांसाठीच देतात, पण मैत्रिणीने दिलंय म्हणून वर्षभर लावणाऱ्या बायका आहेत, मग चेहरा पातळ लाल होतो, लव वाढते, आणि एकदम बंद केलं तर आग होते. तुमचं असं झालं असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडवा.

मान आणि काखेत मखमलीसारखं जाडसर काळं हा मळ नसतो, मुलांची मान घासणीने घासणं थांबवा. त्यामागे बहुतेकदा वजन आणि इन्सुलिन असतं, साखर आणि एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा, मुलींची पाळी अनियमित असेल तर पीसीओडीचाही विचार होतो. बारीक माणसाला उतारवयात हे अचानक झालं तर मात्र पोटाची तपासणी लांबवू नये. बोटांच्या सांध्यांवर काळं पडतंय आणि जेवण शाकाहारी, तर बी१२ बघा. पाठीवर बारीक लाटांसारखं काळं हे जाळीने खूप घासल्याने होतं.

अजून एक, ताप-अंगदुखीची गोळी किंवा अँटिबायोटिक घेतलं की दर वेळी त्याच जागी गोल जांभळट डाग उठतो, ही त्या औषधाची अ‍ॅलर्जी, नाव लिहून पाकिटात ठेवा.

६. लाल ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबा

पारदर्शक ग्लास दाबल्यावर लाली गेली तर ठीक. गेली नाही तर ते त्वचेखालचं रक्त आहे, आणि सोबत ताप असेल तर डेंग्यूसारखं काही असू शकतं, सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

तिळाचं थोडक्यात, एक अर्धा दुसऱ्यासारखा नाही, कड वेडीवाकडी, दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा बदलत चाललाय, तर दाखवा. आपल्या लोकांत तिळासारख्या दिसणाऱ्या कॅन्सरचा धोकादायक प्रकार बरेचदा तळपायावर आणि नखाखाली असतो. नखात नवी काळी उभी रेघ रुंद होत असेल तर ती मार लागल्याची खूण समजून सोडून देऊ नका.

७. डॉक्टरकडे जाताना

फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी, चुरगळलेली असली तरी, कारण आत काय होतं हे कळल्याशिवाय त्यांना डागाचं मूळ रूप समजत नाही. जायच्या दिवशी डागावर मेकअप किंवा क्रीम नको. बुरशीची शंका असेल तर खरवडून तपासतात, त्यामुळे अँटिफंगल आधी लावून जाऊ नका. घरात अजून कुणाला तसाच डाग किंवा खाज आहे का हे विचारूनच निघा.