सापडलेलं हाड नळाखाली धरू नका

नदीकाठच्या दरडीतून दगडासारखं जड हाड डोकावलं की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. तुटका दात नागपूरला घरी आणला, नळाखाली ब्रशने लख्ख घासला. खाचांतली पिवळट माती मोरीतून वाहून गेली आणि तो कोणत्या थरातला, हे सांगणारा पुरावाही गेला. आजही हळहळ वाटते.

आधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. जागा, वरून खोली, भोवती वाळू आहे की चिकणमाती, हे तिथेच लिहा. रुतलेलं हाड उपटू नका. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.

मोठं हाड म्हणजे डायनासोर, हाही आपल्याकडचा जुना समज. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावचे डायनासोर लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांतले, साडेसहा कोटी वर्षांहून जुने. नदीच्या गाळातली हत्ती-बैलांची हाडं त्यामानाने अगदी अलीकडची.

दात मिळाला तर त्याचा माथा निरखा. स्टेगोडॉनच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या नातलगाच्या, दाढेवर कौलारू छपरांसारखे ठेंगणे उंचवटे असतात. हत्तीची दाढ उंच, आडव्या पट्ट्या दाटीने बसलेल्या, टाकी लावलेल्या पाट्यासारखी. गवतात सिलिका असते, सोबत धूळही तोंडात जाते, त्यामुळे दात झिजतात. म्हणून गवत चरणाऱ्या घोड्याचेही दात उंच. पण एका दातावरून अख्खं रान उभं करू नका. नर्मदेच्या गाळात पाणघोडा, घोडा, हत्ती, स्टेगोडॉन असे सगळे सापडतात. पाणघोड्याला बारमाही पाणी लागतं, घोड्याला मोकळं माळरान. दोन्ही मिळाले, तेव्हा कुठे त्या खोऱ्याचं चित्र दिसू लागतं. तरी हाडांच्या कडा पाहाच: गोट्यासारख्या गुळगुळीत असतील तर नदीने ती दुरून लोटत आणलेली असू शकतात. मग ते प्राणी एकत्र राहत होते, असं लगेच म्हणू नये.

आणि मोठ्या हाडांच्या नादात बारीक माती फेकू नका. तेलंगणातल्या नस्कलला लाव्हाच्या थरांमधला तळ्याचा गाळ चाळला, तेव्हा मोहरीएवढे दात हाती लागले. डायनासोरांच्या काळातल्या त्या चिमुकल्या सस्तन प्राण्याचं नाव १९८८ मध्ये ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. हे नाव स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून; नागपुरातल्या आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच. एकोणिसाव्या शतकात ते नागपूरजवळच्या टाकळीला अशाच गाळातून शिंपले आणि बिया वेचत होते.