आरोग्यशिक्षणावरील नर्सिंग संशोधन : या चुका टाळा

आरोग्यशिक्षण आणि माता-बालकल्याण या विषयांवरील नर्सिंगचे प्रबंध वाचायला घेतले की पहिल्या काही पानांतच पुढचे सगळे दिसू लागते. ज्ञानाची प्रश्नावली, पूर्वचाचणी, ४०-४५ मिनिटांचे व्याख्यान, आठवड्याने तीच प्रश्नावली उत्तरचाचणी म्हणून, वाढलेली सरासरी आणि शेवटी 'शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला' हे ठरलेले वाक्य. यात आकडेमोड सहसा चुकत नाही. चुकते ते आकडेमोडीच्या फार आधी, आणि तेथे कोणतेही सॉफ्टवेअर आपल्याला अडवत नाही. व्याख्यान ऐकलेल्या आईला त्याच व्याख्यानातील प्रश्नांची उत्तरे अधिक येतात, एवढे सिद्ध करण्यासाठी कुणी आपली उमेदीची वर्षे खर्ची घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजायचे ज्ञान, निष्कर्ष काढायचा वर्तनाचा

ही माझ्या लेखी सर्वांत मोठी चूक आहे आणि तिचे कारण साधे आहे. प्रश्नावली भरून घेणे सोपे असते, तर आई घरात प्रत्यक्ष काय करते ते पाहणे वेळखाऊ आणि अवघड असते. म्हणून सोपे ते मोजले जाते, आणि चर्चेच्या प्रकरणात मात्र बालकांचे आरोग्य सुधारल्याचा सूर लावला जातो.

अतिसारात घरी घ्यायच्या काळजीवरील एका प्रबंधाची कच्ची प्रत माझ्याकडे वाचण्यासाठी आली होती. जलसंजीवनीवरील (ओआरएसवरील) प्रश्नांत मातांचे गुण जवळपास पैकीच्या पैकी होते आणि संशोधक विद्यार्थिनी निकालावर खूश होती. मी तिला एवढेच सुचवले की, ज्या मातांना पूर्ण गुण मिळाले आहेत त्यांच्यापैकी काहींच्या घरी आपण जाऊ आणि त्यांना पाकीट देऊन 'आता करून दाखवा' असे म्हणू. पहिल्याच घरी आईने पेला घेतला, पाकिटाचा कोपरा फाडला, अंदाजाने निम्मी पूड पेल्यात टाकली, ढवळली आणि उरलेले पाकीट दुमडून फळीवर ठेवले. पाकिटावर 'एक लिटर पाण्यासाठी' असे छापलेले होते, आणि प्रश्नावलीत याच आईने 'एक पाकीट, एक लिटर पाणी' या पर्यायावर बिनचूक खूण केली होती. असे का केले, हे विचारल्यावर ती म्हणाली, "सिस्टर, एवढंसं बाळ लिटरभर पाणी कसं पिणार? वाया जाईल म्हणून थोडं थोडं करते."

तिची शंका रास्तच होती. तयार द्रावण झाकून ठेवून २४ तासांपर्यंत वापरता येते, बाळाने ते एका बैठकीत संपवायचे नसते आणि उरलेले दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचे असते, हे व्याख्यानात कुठेही आले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे योग्य रीतीने केलेल्या द्रावणात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते आणि एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची तीव्रता, दर लिटरला २४५ मिलिऑस्मोल असते. लिटरभर पाण्याच्या पाकिटातील निम्मी पूड २०० मिलिलिटरच्या पेल्यात पडली, तर द्रावण अडीच पट तीव्र होते. आधीच पाणी गमावलेल्या बाळाच्या रक्तातील सोडियम अशा द्रावणाने धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. म्हणजे प्रश्नावलीनुसार जी आई सर्वांत हुशार ठरली होती, तिच्याच बाळाला अपाय होण्याची शक्यता होती, आणि प्रबंधाच्या एकाही तक्त्यात ते दिसले नसते. विद्यार्थिनीने नंतर मोजमापाचे साधन बदलले. तिला सहा महिने उशीर झाला, पण हाती आलेला निष्कर्ष वाचण्याजोगा होता.

यावर माझी पद्धत अशी की, प्रश्नावलीचा एकही प्रश्न लिहिण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांकडून निकालाचे रिकामे तक्ते काढून घेते. तक्त्याच्या शीर्षकात 'ज्ञान' हाच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला की मी कागद परत करते. शिक्षण ज्या कृतीसाठी द्यायचे आहे ती कृती पाहता येत असेल, तर ती पाहावीच. जलसंजीवनीसाठी हात धुणे, पाणी मोजून घेणे, पूर्ण पाकीट वापरणे, पूड पूर्ण विरघळवणे, झाकण ठेवणे आणि २४ तासांनी टाकून देण्याचे भान असणे, एवढ्या पायऱ्यांची निरीक्षण सूची पुरते. आई करत असताना मध्ये बोलायचे नाही, मान हलवायची नाही आणि चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचे नाही. नोंद पूर्ण झाली की बाळाच्या तोंडी द्रावण जाण्यापूर्वी चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची. संशोधक असलो तरी आपण आधी परिचारिका आहोत. सुरुवातीच्या काही निरीक्षणांत दोघींनी स्वतंत्रपणे नोंदी करून त्या जुळतात का, ते कप्पा गुणांकाने, म्हणजे योगायोगापलीकडची जुळणी मोजणाऱ्या आकड्याने, तपासावे. जुळत नसतील तर दोष सहसा सूचीच्या मोघम शब्दरचनेत सापडतो.

निरीक्षणालाही मर्यादा आहेतच. कुणी पाहत असताना लोक हात अधिक नीट धुतात. म्हणून मी मागे राहणाऱ्या खुणांवर जास्त भिस्त ठेवते. पाण्याजवळ साबण आहे का आणि तो ओला आहे का, हे एका नजरेत कळते. झिंकच्या गोळ्या अतिसारात १० ते १४ दिवस द्यायच्या असतात, सहा महिन्यांपुढील बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले की बऱ्याच घरांत गोळ्याही थांबतात. 'पूर्ण दिल्या का?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येते. त्यापेक्षा गोळ्यांची पट्टी मागावी आणि उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

शीर्षकात कुटुंब, नमुन्यात एकटी आई

'कौटुंबिक स्वास्थ्य' असे भारदस्त शीर्षक द्यायचे आणि आत केवळ मातांच्या मुलाखती भरायच्या, ही दुसरी चूक मला पहिलीइतकीच खटकते. आई दवाखान्यात हजर असते, बोलते आणि सही करते, म्हणून तिची निवड होते. याला सोयीचा नमुना म्हणतात आणि तो वापरण्यात गैर काही नाही, मात्र मग शीर्षकातून कुटुंब काढून टाकावे. बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करायचे, रात्री ताप चढला तर कुठे न्यायचे, खर्च कुणी करायचा, हे निर्णय अनेक घरांत आई एकटी घेत नाही. तिला न्यूमोनियाची धोक्याची लक्षणे तोंडपाठ असतात आणि तरीही बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोहोचते, कारण ज्याच्या होकारावाचून घरातून निघता येत नाही तो माणूस कामावर असतो. अशा घरात आईला पुन्हा तेच व्याख्यान देऊन काय साधणार?

मी पहिल्या मुलाखतीत एक प्रश्न हटकून ठेवते : मागच्या वेळी बाळ आजारी पडले तेव्हा दवाखान्यात न्यायचे कुणी ठरवले? 'तुमच्या घरी निर्णय कोण घेते?' असे मोघम विचारले तर घराला शोभेल असे उत्तर मिळते, पण मागच्या एका ठरावीक प्रसंगाविषयी विचारले की खरा माणूस समोर येतो. त्या माणसाला, मग तो बाप असो, आजी असो वा आणखी कुणी, शिक्षणात आणि मोजमापात सामावून घ्यावे. तो भेटत नाही ही सबब मला मान्य नाही. आपण दवाखान्याच्या वेळेतच मुलाखती घेतो, म्हणून तो भेटत नाही.

'नियंत्रण गट नको, वेळ नाही'

नियंत्रण गट म्हणजे शिक्षण न देता केवळ मोजायचा, तुलनेसाठीचा गट. तो नको, हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही, फक्त एक प्रश्न विचारते. पूर्वचाचणीत कमी गुण मिळालेल्या माता निवडून त्यांनाच शिकवले आणि पुन्हा मोजले, तर काहीही न शिकवता त्यांचे गुण किती वाढले असते? फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये मांडलेले सरासरीकडे सरकण्याचे तत्त्व येथे लागू पडते. पहिल्या मोजणीत टोकाला असलेली माणसे दुसऱ्या मोजणीत आपोआप मध्याकडे येतात. त्यात तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवल्याचा सराव आणि त्याच सुमारास चालू असलेली एखादी लसीकरण मोहीम मिळवली, तर व्याख्यानाच्या वाट्याला श्रेय किती उरते, हे एका गटावरून कुणालाच सांगता येणार नाही.

नियंत्रण गट घेतला तरी काम संपत नाही. एकाच वॉर्डातील निम्म्या मातांना शिकवायचे आणि निम्म्यांना नाही, असा आराखडा कागदावर नीटनेटका दिसतो. प्रत्यक्षात शेजारच्या खाटेवरची आई माहितीपत्रक मागून वाचते आणि दोन्ही गट संध्याकाळपर्यंत एकच होतात. म्हणून वॉर्ड किंवा केंद्रेच गटांत वाटावी लागतात आणि मग नमुन्याचे गणित बदलते. समजा, १० केंद्रांतून प्रत्येकी २० माता घेतल्या आणि एका केंद्रातील मातांमधील साधर्म्याचा गुणांक अवघा ०.०५ आहे. तरीसुद्धा रचनेचा परिणाम (केंद्रांनुसार वाटणी केल्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा) १ + (२० − १) × ०.०५, म्हणजे १.९५ येतो आणि तुमच्या २०० मातांचे वजन जेमतेम १०३ मातांएवढे उरते. केंद्रांची यादृच्छिक वाटणी करून विश्लेषण मात्र सुट्या मातांचे करणे ही छापील लेखांतही दिसणारी चूक आहे. सांख्यिकीतज्ज्ञाकडे माहिती गोळा झाल्यावर जाणाऱ्यांची मला कीव येते, कारण तोवर त्याच्या हातात काही उरलेले नसते. नियंत्रण गटातील मातांना अभ्यास संपल्यावर तेच शिक्षण द्यायचे असते, आणि त्याची तारीख आराखड्यातच लिहून ठेवावी.

स्तनपानाचा एक प्रश्न

'बाळाला फक्त अंगावरचे दूध देता का?' या प्रश्नावर आधारलेली टक्केवारी मी वाचतसुद्धा नाही. निव्वळ स्तनपानाच्या व्याख्येत पाणीही बसत नाही, पण औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि जलसंजीवनी बसते, आणि हे आईला आधीच ठाऊक असेल असे गृहीत धरता येत नाही. 'काल सकाळपासून आज सकाळपर्यंत' अशी मुदत घालून पाणी, इतर दूध, फळांचा रस, पातळ किंवा घट्ट अन्न असे एकेक नाव घेऊन विचारावे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२१ मध्ये सुधारलेले निर्देशकही आदल्या दिवसाच्याच आहारावर आधारलेले आहेत. मात्र एका दिवसाच्या आठवणीवरून निघणारे प्रमाण जन्मापासूनच्या खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त येते, कारण परवा पाणी पाजलेले बाळही काल निव्वळ स्तनपानावर असू शकते. म्हणून 'सहा महिने निव्वळ स्तनपान केले' असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. ०-५ महिन्यांच्या बाळांचे काल काय झाले, एवढेच तो आकडा सांगतो.

आणखी काही, थोडक्यात

उत्तरचाचणी व्याख्यानाच्या दिवशीच घेऊ नका. ती फक्त कान उघडे होते एवढे सांगते.

क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतील प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.८ आला म्हणजे प्रश्नावली वैध ठरली, असे नसते. प्रश्नांची संख्या वाढवली तरी अल्फा वाढतो.

त्याच मातांचे आधीची आणि नंतरची 'होय-नाही' उत्तरे ताडून पाहायची असतील तर कायवर्ग चाचणी नव्हे, मॅकनेमार चाचणी लागते. ती १९४७ पासून उपलब्ध आहे.

दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजावी, त्यापुढील मुलाची उंची उभे करून मोजावी. दोन्हींत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि वाढीचा तक्ता तो आपोआप सुधारून देत नाही.

बाळाला सलाईन लावत असताना आईपुढे संमतिपत्र ठेवणे हे संमती घेणे नव्हे. मूल समजण्याच्या वयाचे असेल, तर त्याचाही होकार घ्यावा आणि त्याने मान फिरवली तर थांबावे.

हस्तक्षेपाच्या अभ्यासाची नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी व्हावी, असे वैद्यकीय संशोधनाच्या नीतिमत्तेचा हेलसिंकी जाहीरनामा २००८ पासून सांगतो. लेख छापायला पाठवताना धावपळीने केलेली नोंदणी संपादकाच्या लगेच लक्षात येते.

गृहभेटीत बाळ दूध पीत नसेल, सारखे झोपाळलेले असेल, त्याची छाती आत ओढली जात असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर वही बंद करावी आणि त्याला तत्काळ दवाखान्यात पोहोचवावे, मग ते कोणत्याही गटातले असो. ही तरतूद आराखड्यात लेखी नसेल तर मी त्या आराखड्यावर सही करत नाही.

राहता राहिले शिक्षणाचे वर्णन. 'मातांना शिक्षण देण्यात आले' एवढ्या एका ओळीवर पुढच्या संशोधकाला काहीही उभे करता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायडियर या १२ मुद्द्यांच्या सूचीप्रमाणे कुणी शिकवले, कुठे, किती वेळ, किती वेळा, कोणत्या साहित्याने आणि ठरल्यापैकी प्रत्यक्षात किती पार पडले, हे सारे लिहावे. फ्लिपचार्टची सर्व पाने परिशिष्टात जोडावीत. ज्या सत्राला माता आल्याच नाहीत, त्याचीही नोंद तेथेच करावी.