दादाभाई नौरोजींच्या मतदारसंघाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

'१८९२ मध्ये दादाभाई फिन्सबरीतून निवडून आले' एवढं लिहून पुढे जाणारे फार. पण कुठल्या फिन्सबरीतून? १८३२ पासून लंडनमधला फिन्सबरी हा ब्रिटिश संसदेचा दोन खासदारांचा मोठा मतदारसंघ होता, इस्लिंग्टनही त्यातच. १८८५ च्या फेररचनेत इस्लिंग्टन वेगळं निघालं आणि उरलेल्या फिन्सबरीचे तीन एकसदस्यीय मतदारसंघ झाले: होबर्न, सेंट्रल आणि ईस्ट. दादाभाईंचा तो फिन्सबरी सेंट्रल, म्हणजे मुख्यतः क्लर्कनवेलचा भाग. १९१८ मध्ये तो रद्द झाला. त्यानंतर १९५० पर्यंत नुसत्या 'फिन्सबरी' नावाचा मतदारसंघ होता. त्याचे निकाल दादाभाईंच्या यादीखाली चिकटवू नका.

नकाशावर फिन्सबरी पार्कला खूण करणं ही त्याहून मोठी चूक. ते उद्यान क्लर्कनवेलच्या कितीतरी उत्तरेला आहे. फिन्सबरीच्या रहिवाशांसाठी केलं म्हणून नाव तसं पडलं, इतकंच. खूण करायची तर रोझबरी अव्हेन्यूवरच्या जुन्या फिन्सबरी टाउन हॉलच्या आसपास करा. नौरोजी स्ट्रीटही त्याच भागात आहे. नाव सारखं दिसलं की जागा तीच असं धरून चालणाऱ्यांनी आधी हद्दीचा जुना नकाशा उघडावा. दहा मिनिटांचं काम आहे.

पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींचं दादाभाईंबद्दलचं 'काळा माणूस' हे कुप्रसिद्ध वक्तव्य १८९२ च्या प्रचारात घुसडलेलं सर्रास दिसतं. ते भाषण १८८८ चं, एडिंबरामधलं, आणि विषय होता होबर्न, जिथे दादाभाई १८८६ मध्ये हरले होते. हा क्रम बिघडला की सगळा अर्थच जातो. त्या अपमानाने दादाभाईंचं नाव ब्रिटनभर पोचलं, ते सेंट्रलमधून जिंकण्याच्या चार वर्षं आधी.

१८९२ च्या विजयाचं मताधिक्य कुठे ३ छापलेलं असतं, कुठे ५. नुसतं मताधिक्य उचलू नका, दोन्ही उमेदवारांची मतं शोधा: दादाभाई २,९६१, प्रतिस्पर्धी पेंटन २,९५६. वजाबाकी स्वतः करा.

'पहिले भारतीय खासदार' लिहिताना डाइस सोंब्र यांचा उल्लेख हवाच. मीरतजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूंचे हे वारस १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आले होते. लाचखोरीमुळे ती निवडणूक पुढच्या वर्षी रद्द झाली.

आणि भावनगरींना दादाभाईंच्या शेजारी बसवू नका. १८९५ मध्ये दादाभाई हरले, त्याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून जिंकले, तेही दादाभाईंच्या लिबरल पक्षाच्या विरोधातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून. दोघे एकाच वेळी खासदार कधीच नव्हते.