फिल्मवर काढलेले प्रवासाचे फोटो पाठवताना या चुका टाळा

फाल्गुनात पळस फुलला की मेळघाटच्या रस्त्याला, पाऊस लागला की चिखलदऱ्याला आणि गाविलगडावर, थंडीत नवेगावबांधला. फिल्मचे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणारी मंडळी आता पुन्हा दिसू लागली आहेत आणि ही फार चांगली गोष्ट आहे. कपाटात पडून राहिलेला याशिका नाहीतर पेंटॅक्स बाहेर निघतो, छत्तीसचा रोल भरला जातो, दोन-तीन आठवड्यांत स्कॅन ग्रुपवर येतात. त्यातले बरेच फोटो जांभळट, धुरकट, ठिपक्याठिपक्यांचे असतात आणि खाली कौतुकानं लिहिलेलं असतं, "फिल्मचा लुक". हा फिल्मचा लुक नव्हे. मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र, नीट धरून काढलेला, नीट धुतलेला आणि नीट स्कॅन केलेला रोल स्वच्छ दिसतो. ज्याला लुक म्हणतात तो बहुतेक वेळा उन्हाचा, बोअरच्या पाण्याचा किंवा स्कॅनरचा दोष असतो, आणि तो शोधता येतो.

निगेटिव्ह न बघता स्कॅनवरून निकाल देणं

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीनं होतं. स्कॅन म्हणजे मशीननं निगेटिव्हचा लावलेला अर्थ. तो चुकीचाही असू शकतो. त्यामुळे "फोटो बिघडले" म्हणण्याआधी निगेटिव्ह हातात घ्या, कडा धरून, आणि पांढऱ्या ढगाकडे किंवा पांढऱ्या स्क्रीनसमोर धरा.

आधी फ्रेमकडे पाहू नका, फिल्मच्या काठाकडे पाहा. तिथं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशानं छापलेले असतात आणि रोल धुताना उमटतात, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. काठाची अक्षरं ठळक आहेत पण फ्रेमा फिक्या, तर प्रकाश कमी पडला. चूक फोटो काढताना झाली. अक्षरंही फिकी, तर धुण्यात कसर राहिली. अक्षरं ठळक आणि फ्रेमा पूर्ण कोऱ्या, तर रोल आत सरकलाच नाही, फिल्मची पुढची जीभ कॅमेऱ्यातल्या गुंडाळणाऱ्या स्पूलमध्ये अडकली नव्हती. अक्षरंसुद्धा नाहीत आणि फिल्म काचेसारखी पारदर्शक, तर ती डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, गेलीच नाही किंवा त्याआधीच फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पडलं. सगळा रोल काळाकुट्ट, तर कुठंतरी उजेड लागला. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, आणि मग स्टुडिओवाल्याशी विनाकारण वाद होत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचा दोष पहिल्या प्रकारचा असतो. एप्रिल-मेमध्ये आकाश निळं नसतं, पांढरं असतं. फ्रेममध्ये अर्धं आकाश घेतलं की मीटर त्या पांढऱ्यालाच भुलतो आणि खालचं वावर, धुऱ्यावरचं बाभळीचं झाड, नदीचं पात्र हे सगळं एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) अंधारात जातं. स्कॅनर ते ओढून उजळवतो आणि फिल्मचा दाणा, म्हणजे तिच्यातले बारीक ठिपके, फुटतो, सावल्या मातकट होतात. उपाय साधा आहे. कॅमेरा खाली झुकवून जमिनीवर किंवा गवतावर मीटर घ्या, ॲपर्चर-शटरचे आकडे तेच ठेवा, मग फ्रेम लावा. रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त प्रकाश सहज चालतो, म्हणून ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्म कॅमेऱ्यावर २०० लावून वापरणं ही चांगली सवय आहे. स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) मात्र हे करू नका, तिथं उजळ भाग जळतो.

स्कॅनरच्या ऑटो रंगावर विसंबणं

याचं एक उदाहरण पुरेसं बोलकं आहे. लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून पुढं आलं. एरवी ते पाणी शेवाळानं हिरवं असतं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात एका ग्रुपवर लोणारचा फिल्मवरचा फोटो आला आणि त्यात पाणी गुलाबीसर होतं. सरोवर परत गुलाबी झालं, अशी बातमी तासाभरात चार तालुक्यांत फिरली. काही जण तर गाडी काढून निघाले. तिथं गेल्यावर पाणी नेहमीसारखं हिरवं.

फोटो काढणाऱ्यानं काहीही बनवाबनवी केली नव्हती. काठावरून खाली बघून घेतलेली ती फ्रेम होती, भरून हिरवं पाणी आणि हिरवी झाडी. स्कॅनरचं ऑटो असं समजतं की फ्रेममधले सगळे रंग मिसळले तर करडा यायला हवा. इतकं हिरवं दिसल्यावर त्यानं हिरव्याच्या विरुद्ध, म्हणजे किरमिजी रंग वाढवला आणि पाणी गुलाबीकडे झुकलं. खूण त्या फोटोतच होती. पाण्याच्या काठाला कमळजा देवीच्या मंदिराचा काळा दगड दिसत होता आणि तोसुद्धा वांग्याच्या सालीसारखा जांभळा झाला होता. तो काळा दगड असा जांभळा दिसायला नको होता. कोणीतरी त्या एका कोपऱ्याकडे नीट पाहिलं असतं तर फोटो पुढं गेलाच नसता.

म्हणून पाठवण्याआधी फोटोतली करडी वस्तू शोधा: काळा दगड, डांबरी रस्ता, सिमेंटचा खांब, सावलीतलं पांढरं धोतर. ती करडी किंवा पांढरी दिसते का? दिसत नसेल तर रंग चुकलेत. संध्याकाळच्या उन्हात थोडा पिवळेपणा खरा असतो, तो काढून टाकू नका. स्टुडिओला सांगताना "ऑटो करेक्शन बंद ठेवा, सगळ्या फ्रेमा एकाच सेटिंगवर घ्या" असं स्पष्ट सांगा. स्वतः स्कॅन करत असाल तर आधी एक करडा असलेली फ्रेम घ्या, तिचं सेटिंग ठरवा, कुलूप लावा आणि त्या उजेडात काढलेल्या बाकीच्या फ्रेमा त्याच सेटिंगवर चालवा. ज्यांना जमतं त्यांनी उजेड बदलला की एक फ्रेम करड्या कार्डाची खर्च करावी. छत्तीसातली एक गेली तरी पस्तीस वाचतात.

फिल्टरनं रंग झाकणं हा उपाय नाही. मोबाइलमधल्या एका बोटानं लागणाऱ्या फिल्टरखाली चुकलेला रंग फक्त लपतो, आणि नवशिक्याला कॅमेरा शिकण्याआधी फिल्टर सापडतो हेच वाईट आहे.

कूलरसमोर निगेटिव्ह वाळवणं

घरी काळी-पांढरी फिल्म धुणारे उन्हाळ्यात हमखास ही चूक करतात. कूलर लावलेली खोली थंड वाटते म्हणून तिथंच फिल्म टांगतात. कूलरची हवा दमट असते, त्यामुळे फिल्म वाळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ जिलेटिनचा थर ओला, मऊ राहतो. त्याच हवेतून वाळ्याचे, गवताचे बारीक तंतू आणि रस्त्यावरची धूळ येते आणि त्या मऊ थरात रुतून बसते. मग ब्लोअरनं कितीही फुंकलं तरी निघत नाही. फोटोत पांढरे केस दिसतात ते हेच. निगेटिव्हवरची धूळ उजेड अडवते, म्हणून छापात ती पांढरी येते. काळा केस दिसला आणि तो प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी असला, तर तो कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीला चिकटलेला धागा आहे. मागचं झाकण उघडून मऊ ब्रशनं काढा.

फिल्म न्हाणीघरात टांगा. आधी दहा मिनिटं गरम पाणी सोडून वाफ करा, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग फिल्म वर चिमटा, खाली जड चिमटा लावून टांगा, दार बंद करा आणि तीन तास आत जाऊ नका. दर अर्ध्या तासानं दार उघडून बघणाऱ्यांमुळेच अर्धी धूळ आत येते.

पाण्याचं तर वेगळंच. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाण पट्टा काय किंवा इतर ठिकाणच्या खोल बोअरी काय, पाण्यात क्षार भरपूर. त्या पाण्यात शेवटचं धुतलं की वाळल्यावर पांढरे ओघळ राहतात आणि स्कॅनमध्ये ते आभाळात ढगांसारखे उमटतात. शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं. ऑटो स्पेअरच्या दुकानात बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं, ते चालतं. बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना, हे मात्र दोनदा वाचा. एक लिटरला ५ मिली फोटो-फ्लो (पाण्याचे थेंब न राहू देणारं द्रव्य) घाला, त्यात फिल्म मिनिटभर बुडवा आणि बोटानं न पुसता टांगा. फोटो-फ्लोच्या जागी शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घालू नका, त्यातल्या सुगंधाचा आणि चिकट द्रव्यांचा थर बसतो. ओघळ पडलेच असतील तर पूर्ण फिल्म २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात पाच मिनिटं भिजवा, जिलेटिन फुगलं की धूळही बरीच सुटते, आणि परत टांगा.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये हात भाजेल इतकं तापतं. त्यात एकदम फिल्म टाकली तर थर सुरकुततो आणि तो नीट होत नाही. माठातलं पाणी वापरा, थर्मामीटर टाका, गरज पडली तर बर्फाची बंद पिशवी बादलीत ठेवा. डेव्हलपर ते शेवटचं पाणी, सगळे दोन अंशांच्या फरकात ठेवा.

रोल उन्हात ठेवणं

मोटरसायकलची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड, एसटीच्या टपावरची बॅग. विदर्भाच्या मेमध्ये या तिन्ही जागा फिल्मसाठी भट्टी आहेत. उष्णतेनं रंगीत फिल्मचे थर वेगवेगळ्या वेगानं बिघडतात, म्हणून सावल्यांना रंग चढतो आणि सगळ्यावर धुकं येतं. रोल घट्ट डबीत, डबी झिपच्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या मधोमध. घरी फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर दोन तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. फोटो काढून झालेला रोल तर आणखी नाजूक, तो महिनोन्‌महिने ठेवू नका. कुरिअरनं पाठवायचा तर सोमवारी टाका, म्हणजे रविवारभर पत्र्याच्या गोदामात तापत पडणार नाही.

आता पाठवताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो, आणि फिल्मचा बारीक दाणा सगळ्यात आधी मरतो. आभाळात चौकोन दिसायला लागतात. लांब बाजू २०४८ पिक्सेल करा, लहान केल्यावर हलकं शार्प करा, जेपेगची गुणवत्ता ९० ठेवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंगाची जागा, म्हणजे फाइलची कलर स्पेस, एसआरजीबी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवर पळस विटकरी दिसतो.

प्रिंट काढायची असेल तर लहान फाइलवर भागत नाही. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमी असते. २४०० डीपीआयला साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, म्हणजे ८ बाय १२ इंचाला जेमतेम. स्टुडिओकडून मोठी फाइल आणि निगेटिव्ह दोन्ही परत मागा. निगेटिव्ह सोडून येणं ही अक्षम्य चूक आहे.

मोबाइलनं निगेटिव्हचा फोटो काढताना ती थेट दुसऱ्या मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवू नका, पिक्सेलची जाळी उमटते. मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा आणि निगेटिव्ह त्याच्याही दोन सेंटिमीटर वर धरा. काठाची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत, नाहीतर एसटीची पाटी उलटी छापली जाते. स्कॅनरची धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय काळ्या-पांढऱ्या चांदीच्या फिल्मवर बंद ठेवा, ती दाण्यालाच धूळ समजून फोटो चिखलासारखा करते.

फिल्मवर तारीख-वेळ नोंदलेली नसते. स्कॅनच्या फाइलवर स्कॅनची तारीख पडते, म्हणून भादव्यातला धबधबा दिवाळीचा होतो. खिशात वही ठेवा: रोल नंबर, फ्रेम, गाव, दिवस, ॲपर्चर, शटर. पहिली फ्रेम पाटीची काढा, त्यावर तारीख लिहून. घरट्याचा किंवा वाघिणीच्या पिलांचा फोटो असेल तर नेमकी जागा लिहू नका, तालुका पुरे.

आणि सगळे छत्तीस टाकू नका. सहा निवडा.

वावरात कापूस वेचणाऱ्या मावशींचा फोटो घेतला असेल तर आधी विचारा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना ४ बाय ६ ची प्रत नेऊन द्या. मागं गावाचं नाव आणि तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं उमटतं, म्हणून पातळ परमनंट मार्कर वापरा आणि शाई वाळेपर्यंत प्रती एकावर एक ठेवू नका.