आई, कोल्हा राहिला!

कार्ल ऑनोरे हा कॅनडात वाढलेला, लंडनमध्ये राहणारा पत्रकार. रोमच्या विमानतळावर रांगेत उभा असताना त्याने एका मिनिटात उरकणाऱ्या, झोपताना सांगायच्या गोष्टींबद्दल वाचलं आणि आधी चक्क खूश झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. त्यातून २००४ साली संथपणाची बाजू घेणारं त्याचं पुस्तक आलं. (त्याच काळात भरधाव गाडी चालवल्याचा दंडही त्याला झाला, म्हणून तो मला आपला वाटतो.)

रात्री लेकीला गोष्ट वाचून दाखवताना मीही दोन-दोन पानं एकदम उलटायचे. लेक बोट ठेवून म्हणायची, "आई, कोल्हा राहिला!"

तर संथ व्हायची सुरुवात या झोपतानाच्या गोष्टीपासूनच करा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. उशीखाली सायलेंटवर ठेवलात तरी अर्धं लक्ष तिकडेच राहतं. पान उलटायचं काम मुलाकडे द्या. सगळी गंमत त्यातच आहे. माझी लेक एका चित्रातल्या मुंग्या मोजत बसते. पहिल्या आठवड्यात माझा पाय सारखा हलत होता. हलू दे, पण उठायचं नाही. "मग काय झालं?" असं मुलाने विचारलं तर आठवत असूनही थोडं थांबा.

भांडी, ईमेल वगैरे झपाट्याने उरका, बिनधास्त. ऑनोरेचंही म्हणणं तेच: प्रत्येक गोष्टीला तिचा योग्य वेग द्यायचा, सगळंच गोगलगायीसारखं करायचं नाही.

आणि दिवसाला असं संथपणे करायचं एकच काम निवडा. मी एकदम पाच ठरवली होती, वेळापत्रकासकट.